प्रस्तावना : म्यूटूचा प्रश्न

काचेच्या नळकांड्यात द्रवात बुडवून ठेवलेला एक जीव हळूहळू जागा होतो. आपण कोण, इथे कसे आलो, आपल्याला कोणी आणि कशासाठी आणलं, असं तो स्वतःलाच विचारू लागतो. त्याला आई नाही, बाप नाही. काचेपलीकडे पांढऱ्या कोटातली माणसं आहेत आणि ती आपल्या यशावर खूश आहेत. १८ जुलै १९९८ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झालेल्या पोकेमॉनच्या पहिल्या चित्रपटाची सुरुवात ही अशी आहे. जपानी शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागते, ते हे दिवस. थिएटरं लहान मुलांनी भरली होती आणि मुलांना त्यांचा लाडका पोकेमॉन पिकाचू बघायचा होता. तो त्यांना मिळालाही. मुख्य चित्रपटासोबत पिकाचूच्या सुट्टीची एक छोटी खोडकर फिल्म दाखवली जात असे. पण पुढचा सव्वा तास पडद्यावर राज्य होतं ते नळकांड्यातल्या त्या जिवाचं, म्यूटूचं.

मुलांच्या करमणुकीला आपण एक तर निरुपद्रवी समजतो, नाही तर घातक. तिच्यात विचार असू शकेल, हे आपण जमेसच धरत नाही. त्यात पोकेमॉन म्हणजे गेम, पत्ते, बाहुल्या, डबे आणि दप्तरं यांच्या विक्रीवर उभा राहिलेला अवाढव्य व्यवसाय. त्यातल्या एका चित्रपटावर मराठीत पुस्तक कशाला, असं वाचकाला वाटलं तर ते स्वाभाविक आहे. माझं म्हणणं असं की, मालाच्या विक्रीला हातभार लागावा म्हणून काढलेल्या या चित्रपटात एका लेखकाने मुलांपुढे असा प्रश्न ठेवला, जो मोठ्यांच्या चित्रपटांतही इतक्या सरळपणे क्वचितच येतो. ज्याला दुसऱ्या कोणाची तरी नक्कल म्हणून घडवलं, त्याला जगण्याचा हक्क अस्सलाइतकाच आहे की नाही? हा प्रश्न विचारून तो लेखक थांबला. उत्तर त्याने मुलांच्या तोंडात कोंबलं नाही.

पोकेमॉनचा जन्म किडे गोळा करण्याच्या नादातून झाला. सातोशी ताजिरी यांचा जन्म १९६५चा. ते टोकियोच्या कडेला, माचिदा भागात वाढले. तेव्हा तिथे भातखाचरं होती, तळी होती, झाडी होती. ताजिरी दिवसभर किडे शोधत हिंडायचे आणि बरोबरीची मुलं त्यांना किड्यांचे डॉक्टर म्हणायची. पुढे शहर पसरलं, तळी बुजली, झाडी गेली. तरुणपणी ताजिरी व्हिडिओ गेमकडे वळले. १९८३मध्ये त्यांनी ‘गेम फ्रीक’ नावाचं हाताने तयार केलेलं मासिक सुरू केलं आणि त्यातूनच पुढे त्याच नावाची कंपनी उभी राहिली. निन्टेंडोची ‘गेम बॉय’ ही हातात मावणारी यंत्रं एका वायरने एकमेकांना जोडता येत. त्या वायरीवरून इकडचा किडा तिकडे चालत जातोय, असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. पोकेमॉनचा सगळा खेळ या कल्पनेतून निघाला. पकडा, वाढवा, मित्राशी अदलाबदल करा. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी लाल आणि हिरवा असे दोन गेम बाजारात आले. या गेमवरून पुढे निघालेल्या ॲनिमेशन मालिकेतल्या नायकाला आपण ॲश म्हणून ओळखतो. जपानीत त्याचं नाव सातोशी, म्हणजे खुद्द ताजिरींचंच आहे.

त्या पहिल्या गेममध्ये म्यूटू होता, पण त्याची गोष्ट जवळपास नव्हतीच. एका बेटावरच्या पडक्या हवेलीत खेळणाऱ्याला जुन्या रोजनिशीची काही पानं सापडतात. दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या जंगलात म्यू नावाचा नवा पोकेमॉन सापडला, म्यूने पिल्लाला जन्म दिला, ते पिल्लू, म्हणजे म्यूटू, आवरेनासं झालं, एवढंच त्यांत आहे. म्यू स्वतः तर शेवटच्या क्षणी आत शिरला. गेम पूर्ण होत आला असताना यंत्राच्या स्मृतीत थोडीशी जागा मोकळी झाली आणि शिगेकी मोरिमोतो या प्रोग्रामरने तिथे गुपचूप एकशेएक्कावन्नावा पोकेमॉन बसवला. मुलांमध्ये कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणे, मी पाहिला. कोणी म्हणे, थाप आहे. असं हे अर्धं गुपित आणि रोजनिशीच्या चार ओळी, एवढ्या सामग्रीवर चित्रपट रचायचा होता.

ते काम आलं ताकेशी शुदो यांच्याकडे. या पुस्तकात त्यांचं नाव पुन्हा पुन्हा येणार आहे, म्हणून त्यांच्याविषयी जरा सविस्तर सांगतो.

शुदो यांचा जन्म १९४९चा. एप्रिल १९९७मध्ये सुरू झालेल्या पोकेमॉन मालिकेचे ते मुख्य लेखक आणि दिग्दर्शक होते कुनिहिको युयामा. दोघांचं जुनं गणित होतं. १९८२मध्ये सुरू झालेली ‘मिंकी मोमो’ ही जादूगार मुलीची मालिका दोघांनी मिळून केली होती. ती पुरस्कृत करणारी खेळण्यांची कंपनी मध्येच मागे सरली. तेव्हा शुदोंनी काय केलं, तर नायिकेची जादू संपवली आणि तिला रस्त्यात एका ट्रकखाली मरू दिलं. तो ट्रक खेळण्यांनी भरलेला होता. मुलांच्या मालिकेतली लाडकी नायिका ज्या वस्तूंच्या विक्रीसाठी जन्माला आली, त्याच वस्तूंखाली चिरडली गेली. जपानी ॲनिमेशनच्या चाहत्यांत या भागाची चर्चा आजही होते. पण शुदोंनी गोष्ट तिथे सोडली नाही. मोमो पुढे साधं माणसाचं मूल म्हणून जन्म घेते. मुलांना धक्का द्यायचा, पण त्यांना वाऱ्यावर सोडायचं नाही, ही त्यांची रीत होती. हा माणूस पोकेमॉनचा चित्रपट लिहायला बसला, तेव्हा तो फक्त मारामारी आणि विजयाचा जल्लोष लिहिणार नाही, हे युयामांना ठाऊक असणारच.

काळही तसाच होता. स्कॉटलंडमधल्या रोझलिन संस्थेत जन्मलेल्या डॉली मेंढीची बातमी फेब्रुवारी १९९७मध्ये जगभर पोचली होती. एका प्रौढ मेंढीच्या पेशीतून तिची हुबेहूब प्रत तयार झाली होती आणि उद्या माणसाचं काय, हा प्रश्न सर्वांच्या तोंडी होता. त्याच वर्षी १६ डिसेंबरला पोकेमॉनवर मोठं संकट कोसळलं. मालिकेच्या एका भागात लाल-निळा प्रकाश अतिशय वेगाने लुकलुकला आणि तो पाहणाऱ्या जवळपास सातशे मुलांना झटके, चक्कर, मळमळ अशा तक्रारींनी रुग्णालयात न्यावं लागलं. मालिका चार महिने बंद राहिली. चित्रपटाची तयारी या सगळ्या सावटाखाली झाली. मालिका पुन्हा सुरू झाल्यावर अवघ्या तीन महिन्यांत चित्रपट थिएटरात लागला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला.

कथा पुढे सविस्तर येईलच, इथे धागा सापडण्यापुरती सांगतो. माणसांच्या हातचं हत्यार व्हायला नकार देऊन म्यूटू प्रयोगशाळा उद्ध्वस्त करतो. टीम रॉकेट या खलनायकांच्या टोळीचा म्होरक्या जिओव्हानी त्याला चिलखत चढवून वापरून घेतो. तेही कळल्यावर तो त्याच्यापासूनही सुटतो आणि एका बेटावर स्वतःचा किल्ला उभारतो. ॲशसह पोकेमॉन पकडून लढवणाऱ्या काही निवडक ट्रेनरना तो वादळातून तिथे बोलावतो, त्यांचे पोकेमॉन हिसकावून घेतो आणि त्यांच्या प्रतिकृती बनवतो. मग अस्सल आणि नक्कल समोरासमोर उभे ठाकतात. वर आकाशात मूळ म्यू आणि त्याच्यापासून घडवलेला म्यूटू, खाली अंगणात प्रत्येक पोकेमॉन आणि त्याचा जुळा. ही लढाई विजेच्या किंवा आगीच्या शक्तींनी होत नाही. सगळे नुसत्या अंगाने, नखांनी, डोक्याने एकमेकांवर आदळत राहतात. कोणीच जिंकत नाही. एकेक जोडी दमून कोसळत जाते. पाहणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी लक्षात येतं की जन्मलेले असोत की घडवलेले, आत्ता इथे हे सगळेच जिवंत आहेत.

या गदारोळात दोन पिकाचू समोरासमोर येतात. नक्कल पिकाचू अस्सलाला थप्पड मारतो. अस्सल मारत नाही. पुन्हा थप्पड. पुन्हा गाल पुढेच. मारणाऱ्याचा हात जड होत जातो, डोळे भरून येतात, शेवटी त्याचा हात उचललाच जात नाही आणि ज्याला मारत होता त्याच्याच अंगावर तो कलंडतो. सगळ्या चित्रपटात मला हे दृश्य सर्वांत मोलाचं वाटतं. मुलांना पिकाचू आवडतो तो वीज फेकतो म्हणून. सगळा खेळ, सगळे पत्ते, सगळी गुणसंख्या त्या विजेवर आधारलेली. आणि पोकेमॉनच्या पहिल्याच चित्रपटातली त्याची सर्वांत मोठी कृती कोणती, तर वीज न फेकणं. दिग्दर्शकाने हे फार घाई न करता दाखवलंय. लक्षात राहतो तो दोन्ही पिकाचूंचा आवाज. पिकाचूचा आवाज इकुए ओतानी यांचा आहे. चित्रपट परदेशी भाषेत गेला तरी तो आवाज बहुतेक ठिकाणी तसाच ठेवला गेला. भोवतालचं संगीत बदललं तरी या दृश्यातला पिकाचूचा आवाज टोकियोत आणि न्यूयॉर्कमध्ये तोच राहिला, याचं श्रेय ओतानींना आहे.

थोड्या अंतरावर टीम रॉकेटचा बोलणारा म्याऊथ आणि त्याची प्रतिकृती एकमेकांसमोर येतात. लढायचं का? नखं लागली तर दुखेल. मग दोघं शेजारी शेजारी बसतात आणि आज चंद्र पूर्ण गोल असेल, असं म्हणत राहतात. खलनायकाच्या गोटातला, नेहमी हसू आणणारा हा बोका सर्वांआधी शहाणा ठरतो.

आता चित्रपटाच्या उण्या बाजूविषयी. ॲश दोन बलाढ्य शक्तींच्या मध्ये धावत जातो आणि दगड होतो. पिकाचू त्याला जागं करायला अंगातली वीज पुन्हा पुन्हा त्याच्यावर सोडतो. ठिणग्या लहान होत जातात आणि अखेर वीजच संपते. इथवर चित्रपट कमालीचा प्रामाणिक आहे. मग सगळे पोकेमॉन रडतात आणि त्या अश्रूंनी ॲश उठून बसतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा सोपा, ओढूनताणून आणलेला शेवट वाटू शकतो. तशी टीका झाली आणि थिएटरात दाखवलेली आवृत्ती समोर ठेवली तर ती बऱ्याच अंशी योग्यच आहे.

कारण त्या अश्रूंचा पाया थिएटरातल्या आवृत्तीत नव्हता. म्यूटूच्या जन्माआधीची कथा शुदोंनी लिहिली होती, ती चित्रपट येण्याच्या सुमारास जपानी रेडिओवर नाट्यरूपाने ऐकवली गेली. तिच्यातला काही भाग पुढे चित्ररूपात आला आणि १९९९मध्ये जपानी दूरदर्शनवर दाखवलेल्या संपूर्ण आवृत्तीत सुरुवातीला जोडला गेला. जेमतेम दहा मिनिटांचा हा भाग आहे. म्यूटू घडवणाऱ्या शास्त्रज्ञाची आई नावाची मुलगी वारलेली असते. (आई हे जपानीत मुलीचं नाव आहे, मराठी वाचकाने गोंधळू नये.) जिओव्हानीच्या पैशावर हा बाप म्यूटू घडवतो, पण त्याला खरं तर आपली मुलगी परत हवी आहे. तिचीही प्रत शेजारच्या नळकांड्यात वाढते आहे. लहानगा म्यूटू आणि ती मुलगी मनातल्या मनात बोलू लागतात. ती त्याला सूर्य, वारा, चंद्र दाखवते. तीन लहान पोकेमॉनच्या प्रतीही तिथे असतात. मग एकेक करून सगळे विरघळत जातात, शेवटी ती मुलगीही. म्यूटू रडतो. तिला सांगितलं गेलेलं असतं की अंग दुखल्यावर सगळेच जीव रडतात, पण दुःखाने रडतो तो फक्त माणूस. जाता जाता ती त्याच्या अश्रूंबद्दल आभार मानते. शास्त्रज्ञ म्यूटूला औषध देऊन हे सगळं विसरायला लावतात.

हे पाहिल्यावर शेवटच्या अश्रूंचा अर्थच बदलतो. दुःखाने रडणं ही फक्त माणसाची मिरास आहे, असं ज्या जगात मानलं जातं, तिथे अस्सल आणि नक्कल दोन्ही पोकेमॉन एका माणसाच्या मुलासाठी रडतात. ज्याच्याकडून ही आठवण हिरावून घेतली होती, तो म्यूटू हे बघत उभा असतो. जे आत्तापर्यंत चमत्कारासारखं वाटत होतं, ते कथेचं फळ ठरतं. इतका महत्त्वाचा भाग पहिल्या प्रेक्षकांना मिळाला नाही, ही या चित्रपटाची खरी शोकांतिका आहे. अमेरिकेत तो भाग २००१मध्ये, दुसऱ्याच एका चित्रपटाच्या डीव्हीडीवर जोड म्हणून आला.

अमेरिकेत चित्रपट लागला १० नोव्हेंबर १९९९ला, बुधवारी, शाळेच्या दिवशी. तिकिटाबरोबर पोकेमॉनचे पत्ते मिळत होते आणि मुलांनी शाळा बुडवून गर्दी केली. अमेरिकेतली कमाई साडेआठ कोटी डॉलरवर गेली. कोणत्याही जपानी ॲनिमेशनपटाला तिथे पुढची पंचवीस वर्षं तेवढी मजल मारता आली नाही. पण त्या प्रेक्षकांनी पाहिला तो पुष्कळ बदललेला चित्रपट होता. शिंजी मियाझाकी यांचं पार्श्वसंगीत काढून नवं घातलं गेलं, पॉप गाणी आली. जपानी आवृत्तीच्या शेवटी एन्का या जपानी गायनप्रकारातल्या गायिका साचिको कोबायाशी यांचं शांत गाणं होतं, तेही गेलं. त्याहून मोठा बदल संवादांत झाला. म्यूटूला जग बुडवायला निघालेला सरळसोट खलनायक केलं गेलं आणि लढाई चालू असताना पात्रांच्या तोंडी भांडण वाईट असतं असे उपदेश घातले गेले. ज्या मालिकेचा दर आठवड्याचा विषयच पोकेमॉनच्या लढती, तिच्या चित्रपटाने एकाएकी लढतींचा धिक्कार करावा, हे मुलांनाही खटकलं असणार. अमेरिकी समीक्षकांनी चित्रपटाला झोडपलं, ते इतर गोष्टींबरोबर या उपदेशामुळे आलेल्या विसंगतीवरूनही.

मूळ कथेत लढाई चूक की बरोबर हा मुद्दाच नाही. जगण्याचा हक्क कोणाचा, हा आहे. अस्सल म्यू म्हणतो, शक्ती बाजूला ठेवून नुसत्या अंगाने लढलं तर अस्सल नकलेपुढे हरणार नाही. हे बोलणं कठोर आहे, आणि गोंडस गुलाबी म्यूच्या तोंडी ते येतं म्हणून अधिकच टोचतं. अमेरिकी आवृत्तीत त्या जागी खरं बळ हृदयात असतं, असं काहीसं सुभाषित आलं. मुलांना एवढा कडवटपणा झेपणार नाही, असं तिथल्या निर्मात्यांना वाटलं असावं. मला हा निर्णय मुलांवर अन्याय करणारा वाटतो. धाकट्या भावंडाला आपण फक्त दुसऱ्याची नक्कल आहोत असं कधी वाटलेलं नसतं का? दादाचे कपडे, ताईची पुस्तकं, शाळेत बाईंनी केलेली तुलना, यातून हा प्रश्न मुलांपर्यंत फार लवकर पोचतो.

महाराष्ट्रातली मुलं पोकेमॉनला ओळखू लागली ती या शतकाच्या सुरुवातीला, कार्टून नेटवर्कवरच्या हिंदी आवाजांतून. घराघरांत मराठी बोलणारी मुलं पिकाचूशी मात्र हिंदीत बोलायची. ती पिढी आता तिशीच्या आसपास आहे, त्यांतल्या अनेकांच्या घरी आता त्यांचीच मुलं टीव्हीसमोर बसतात. म्यूटूचं नाव त्यांना पाठ आहे, पण जपानी चित्रपट नेमका काय होता हे बहुतेकांना माहीत नाही. कारण आपल्याकडे पोकेमॉन बरीच वर्षं अमेरिकेने कापून-जोडून दिलेल्या रूपातच आला. हे पुस्तक मराठीत हवं होतं, ते मुख्यतः त्यांच्यासाठी.

२०१९मध्ये युयामांनीच, मोतोनोरी साकाकिबारा यांच्यासह, हा चित्रपट संगणकावर नव्याने घडवला. पुढच्या वर्षी तो नेटफ्लिक्सवरून जगभर गेला. म्यूटूचा जपानी आवाज तोच आहे, मासाचिका इचिमुरा यांचा. रंगभूमीवर ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ आणि ‘मिस सायगॉन’ गाजवलेल्या या नटाच्या आवाजातला दबलेला संताप आजही अंगावर काटा आणतो. दृश्यं मात्र गुळगुळीत झाली आहेत. हाताने काढलेल्या पिकाचूच्या गालावर थप्पड बसते तेव्हा रेषा हलते, वाकते, आणि त्या वाकण्यात वेदना दिसते. संगणकाच्या पिकाचूत ती मला सापडत नाही. शुदो २०१० साली गेले. हे नवं रूप त्यांनी पाहिलं नाही.

चित्रपटाच्या शेवटी म्यूटू घडवलेल्या सगळ्या पोकेमॉनना घेऊन निघून जातो आणि बाकीच्यांच्या मनातून ही घटना पुसून टाकतो. ॲश आणि त्याचे मित्र बंदरावर उभे असतात. आपण इथे का आहोत, असं ॲश सहज विचारतो. आहोत म्हणून आहोत, असं त्या मित्रांतली मिस्टी तितक्याच सहज म्हणते, आणि तो ते मान्य करून टाकतो. नळकांड्यातल्या जिवाने जो प्रश्न इतक्या वेदनेने विचारला होता, तोच हा प्रश्न. मुलं त्याला एका वाक्यात उत्तर देतात आणि पुढच्या प्रवासाला लागतात. पुढच्या प्रकरणांत या पुस्तकाच्या लेखकाने या जागेवर वेगळं मत मांडलं आहे. आठवणी पुसणं ही म्यूटूची दया आहे की त्याच्यावर शास्त्रज्ञांनी केलेल्या जबरदस्तीचीच पुनरावृत्ती, असा त्याचा सवाल आहे. मला तो बिनतोड वाटतो आणि माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही.

वाचकांना एकच विनंती. पुस्तक वाचण्याआधी चित्रपट पाहा. शक्यतो १९९८चा, जपानी आवाजात, खाली अक्षरं घेऊन आणि सुरुवातीच्या त्या दहा मिनिटांसह. सगळा मिळून दीड तासाच्या आतच संपतो. घरात आठ-दहा वर्षांचं मूल असेल तर त्याला शेजारी बसवा, आणि म्यूटू बरोबर की चूक हे त्याला आधी सांगू द्या.